दीपमाळेएवढा चंद्र आणि लेन्सची निवड

पौर्णिमा जवळ आली, आणि विशेषतः तिला 'सुपरमून' म्हटले गेले, की एक छायाचित्र घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागते. टेकडीवरच्या देवळाची दीपमाळ आणि तिच्यामागे तिच्याच उंचीचा तांबूस चंद्र. चंद्र जवळ आल्यामुळे कोणत्या राशीला काय भोगावे लागेल, याची यादीही बहुधा सोबत जोडलेली असते. सुपरमूनचे बिंब सर्वांत लहान दिसणाऱ्या पौर्णिमेच्या बिंबापेक्षा व्यासाने फार तर १४ टक्के मोठे असते. दोन्ही बिंबे शेजारी ठेवून पाहता येत नसल्यामुळे नुसत्या डोळ्यांना हा फरक सहसा जाणवतही नाही. राशींशी त्याचा काहीएक संबंध नाही.

दीपमाळेएवढा चंद्र मात्र पुष्कळदा खरा असतो. त्याचे स्पष्टीकरण 'लांब पल्ल्याच्या लेन्सने चंद्र जवळ ओढला' असे दिले जाते, आणि माझ्या मते लेन्स निवडताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ याच समजुतीत आहे.

चंद्राचा व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर आणि सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे. म्हणजे तो स्वतःच्या व्यासाच्या सुमारे ११० पट दूर आहे. त्यामुळे कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली, की ती चंद्राएवढीच दिसते. सहा मीटर उंचीच्या दीपमाळेसाठी हे अंतर ६६० मीटर होते. तुम्ही ६६ मीटरवर उभे असाल, तर दीपमाळ चंद्राच्या दहापट उंच दिसेल, आणि जगातली कोणतीही लेन्स हे प्रमाण बदलू शकणार नाही. लेन्स एवढेच करते की समोरचे सारे दृश्य सारख्याच पटीने लहान किंवा मोठे करून सेन्सरवर उमटवते. दूरच्या वस्तूची प्रतिमा नाभीय अंतराच्या (फोकल लेंथ, म्हणजे लेन्सच्या नावात येणारा मिमीचा आकडा) प्रमाणात वाढते. ५० मिमी लेन्समधून चंद्राची प्रतिमा जेमतेम ०.४५ मिमी येते, तर ५०० मिमी लेन्समधून ती ४.५ मिमी येते. दीपमाळेएवढा चंद्र घडवला तो ६६० मीटर मागे गेलेल्या छायाचित्रकाराने. ५०० मिमी लेन्सने तो आपल्याला नीट दिसेल एवढा मोठा केला.

ही गोष्ट पटत नसेल, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलचे दोन सारखे पेले एकामागे एक, ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, पण दोन्ही दिसतील असे मांडा. कॅमेरा पहिल्या पेल्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर मागचा पेला पुढच्याच्या निम्मा दिसतो, कारण तो दुप्पट अंतरावर आहे. तीन मीटर मागे सरकलात, की तोच पेला पुढच्याच्या नऊ दशांशांहून थोडा मोठा दिसू लागतो. आता त्याच जागेवरून एकदा २४ मिमी आणि एकदा १०० मिमी लेन्सने छायाचित्र घ्या, आणि पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याएवढा मोठा करा. बारकावे कमी होतील, कडा भरड दिसतील, पण पेल्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तेच राहील. काटेकोरपणे बोलायचे, तर हे अंतर सेन्सरपासून मोजायचे नसून, लेन्समध्ये समोरून डोकावल्यावर प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची (ॲपर्चर) जी प्रतिमा दिसते तिच्या स्थानापासून मोजायचे असते. तीन मीटरवर हा फरक नगण्य असला, तरी ३० सेंटिमीटरवर तो हिशेबात येतो.

व्यक्तिचित्रासाठी ८५ ते १०५ मिमी लेन्स का सुचवतात, हेही यातून उलगडते. नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. ३० सेंटिमीटरवरून टिपलेल्या चेहऱ्यात कान नाकाच्या मानाने ४० टक्के अधिक दूर असतात, म्हणून नाक फुगते आणि कान मागे जातात. दोन मीटरवर हाच फरक सहा टक्क्यांवर येतो आणि चेहरा ओळखीचा वाटतो. दोन मीटरवरून चेहरा आणि खांदे यांनी चौकट भरायची, तर ३६ बाय २४ मिमी सेन्सरवर साधारण याच पल्ल्याची लेन्स लागते.

सह्याद्रीत भटकणारे पुष्कळजण नेमके उलटे करतात. कोकणकड्याची भव्यता मावावी म्हणून १६ मिमीची लेन्स घेतात, आणि घरी आल्यावर कडा बांधाएवढा दिसतो म्हणून हिरमुसतात. एवढे रुंद दृश्य सामावणाऱ्या लेन्समध्ये दूरचे सारे लहान होणारच; तिचा खरा उपयोग अगदी जवळची वस्तू दूरच्या दृश्यासह दाखवण्यात आहे. कासच्या पठारावर सोनकीच्या फुलांपासून वीतभर अंतरावर कॅमेरा खाली टेकवला, की ही लेन्स आपले काम दाखवते. दूरच्या डोंगररांगा एकावर एक रचल्यासारख्या हव्या असतील, तर १०० ते २०० मिमी लेन्स जवळ असावी.

ताडोबात जिप्सी सोडून खाली उतरता येत नाही, म्हणजे उभे राहण्याची जागा आपल्या हाती नसते. तिथे ४०० मिमीला पर्याय उरत नाही. मात्र नाभीय अंतराला एफ-आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो, हे खरेदीआधी लक्षात घ्यावे. ४०० मिमी आणि एफ २.८ म्हणजे सुमारे १४३ मिमी रुंदीचे भिंग. तिचे वजन आणि किंमत दोन्ही तिथून येतात. तीच लेन्स एफ ५.६ची घेतली, तर ७१ मिमी पुरतात, पण प्रकाश चौथाईवर येतो आणि पहाटेच्या पहिल्या फेरीत तो तुटवडा भासतो.

कीटकांच्या छायाचित्रणातही जागेचाच प्रश्न असतो. ६० मिमीची मॅक्रो लेन्स आणि १०० मिमीची मॅक्रो लेन्स, दोन्ही सेन्सरवर कीटकाची खऱ्या आकाराएवढी प्रतिमा देतात, परंतु १०० मिमीची लेन्स ती अधिक दूर राहून देते आणि फुलपाखरू बसलेले राहते. एवढ्या जवळून एफ ८ ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो; तो फुलपाखराच्या डोळ्यावर आणायचा, तर हाताने कॅमेरा केसभर पुढेमागे करावा लागतो.