समाजमाध्यम व्यवस्थापन साधने

व्यवसायाची निरनिराळ्या समाजमाध्यमांवरील खाती एकाच ठिकाणाहून हाताळण्यासाठीच्या संगणकप्रणाली. मजकूर आधी लिहून ठरल्या वेळी प्रसिद्ध करणे, ग्राहकांचे संदेश एका इनबॉक्समध्ये आणणे, व्यवसायाचे उल्लेख टिपणे व प्रतिसादाची आकडेवारी काढणे ही त्यांची मुख्य कामे होत.

त्यांच्या उगमाबाबत दोन मते संभवतात. एका मते मूळ ‘ऐकण्याच्या’ साधनांत आहे. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात २००६ मध्ये स्थापन झालेली रेडियन६ कंपनी जालावरील उल्लेख टिपून देई; २०११ मध्ये ती सेल्सफोर्स या अमेरिकी संगणकप्रणाली कंपनीने घेतली. दुसरे मत उगम ट्विटरभोवतीच्या प्रणालींत शोधते. ट्विटरने २००६ मध्येच आपला एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रणालींना देवाणघेवाण करू देणारा दुवा, खुला केला होता. त्याच्या आधारे २००८ च्या मध्यास लंडनमध्ये इयन डॉड्सवर्थ यांनी ट्वीटडेक आणले, तर वर्षअखेरीस व्हँकूव्हरमध्ये रायन होम्स यांच्या इन्व्होक या संस्थेतून ब्राइटकिट निघाले. ब्राइटकिटचेच पुढे हूटसूट झाले. कालक्रमाने ट्वीटडेक आधीचे; परंतु त्याची मूळ रचना एका वाचकाने संदेशांचे अनेक स्तंभ पाहावेत अशी होती. व्यवसायाची अडचण नेमकी उलट असते : खाते एक आणि चालवणारे अनेक. म्हणून कामाची वाटणी केंद्रस्थानी ठेवणाऱ्या हूटसूट व कोट्वीट या साधनांपासून या वर्गाचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. उत्तराच्या शेवटी ^ या चिन्हापुढे कर्मचाऱ्याची आद्याक्षरे देण्याची सोय कोट्वीटमध्ये होती. ग्राहकसेवेच्या उत्तरांत ती पद्धत आजही दिसते.

आरंभी खात्याचा पासवर्डच साधनाच्या हवाली करावा लागे. ऑगस्ट २०१० पासून ट्विटरने ओऑथ पद्धत सक्तीची केली. तीत साधनाला पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे परवानगीची सांकेतिक खूण, मिळते आणि खातेदार ते केव्हाही रद्द करू शकतो. मात्र टोकन चोरीला गेल्यास पासवर्डविनाही मजकूर टाकता येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये बफर या साधनाबाबत हेच घडले व अनेकांच्या खात्यांवर नको त्या जाहिराती झळकल्या. पासवर्ड बदलला की काम झाले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे; जोडलेल्या साधनांची यादीही तपासली पाहिजे.

एपीआयचा दुवा माध्यमाच्या मालकीचा असल्याने साधनाची कुवत त्याच्या धोरणावर ठरते. इन्स्टाग्रामवर २०१८ पूर्वी बाहेरून थेट प्रकाशन होत नसे. साधन वेळेची आठवण तेवढी देई. त्याच वर्षी ट्विटरने अनेक खात्यांवरून एकच मजकूर एकदम टाकण्यास मनाई केली. २०२३ मध्ये एपीआयचा पूर्वीसारखा मोफत वापर थांबला आणि ट्वीटडेकही सशुल्क झाले.

देवनागरीत अक्षरगणना हा वेगळाच प्रश्न ठरतो. एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) मात्रा आणि हलन्त चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो, पण २८० च्या मर्यादेतील १० जागा घेतो. मराठी मजकूर आखताना डोळ्यांच्या अंदाजापेक्षा साधनातील गणकावर विसंबणे इष्ट.

भारतीय साधनांपैकी झोहो सोशल २०१५ पासून उपलब्ध आहे. फेसबुक व इन्स्टाग्राम एवढ्यापुरते मेटा बिझनेस स्वीट विनामूल्य चालते. २०१८ मध्ये आलेले व्हॉट्सॲप बिझनेस ॲप एकाच माध्यमापुरते असल्याने काटेकोर अर्थाने या वर्गात बसत नाही.