पुतळ्यापाशी आल्यावर फोनमधला बिंदू का भरकटतो?

मराठवाड्यातल्या अनेक तालुक्यांच्या गावी बगिच्यात मुक्तिसंग्रामाची आठवण जपणारा पुतळा किंवा हुतात्मा स्मारक असतं. जिओकॅशिंग हा खेळ सुरू करायला याहून चांगली जागा नाही. कुणीतरी छोटा डबा लपवायचा आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. बाकीच्यांनी फोन घेऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी असा पहिला डबा 3 मे 2000 रोजी ठेवला. नेमका तेव्हाच, कारण तोपर्यंत अमेरिकी लष्कर नागरी जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा सुमारे 100 मीटरपर्यंत चुकायची. ही चूक मिसळणं त्याच आठवड्यात बंद झालं. 100 मीटरच्या फरकात आपला अख्खा बगीचा मावतो, वर बाहेरचा रस्ताही. तेवढ्यात डबा कुठे शोधणार?

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ सांगत असतात. संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरून फोन अंतर काढतो. जागेसाठी तीन उपग्रह पुरतील असं वाटतं, पण फोनचं घड्याळ साधं असतं. त्याची चूक पकडायला चौथा लागतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग, म्हणजे एक मायक्रोसेकंद, चुकला तरी अंतर 300 मीटरनं चुकतं. त्यात आइनस्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती आधीच केलेली नसती, तर रोज दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत गेली असती. आइनस्टाइनचं गणित गावच्या बगिच्यात असं रोज उपयोगी पडतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

एवढं करूनही पुतळ्यापाशी बिंदू इकडेतिकडे सरकतोच. मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरची चूक धरावी. कडुलिंबाच्या दाट पाल्याखाली संकेत क्षीण होतो. शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून आलेला संकेत लांबचा रस्ता घेतो आणि फोन फसतो. आणखी एक कारण खास आपल्या भागाचं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, युरोपावरच्यापेक्षा दाट आणि चंचल असतो. त्यातून येताना संकेताला उशीर होतो, दुपारी सर्वांत जास्त. म्हणून डबा लपवणाऱ्यानं वेगवेगळ्या वेळी नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढावी. या खेळात अक्षांश-रेखांश मिनिटाच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) हजाराव्या भागापर्यंत लिहायची पद्धत आहे. अक्षांशात हा हजारावा भाग सुमारे 1.85 मीटर भरतो, म्हणजे फोनच्या अचूकतेपेक्षाही बारीक.

पुतळ्याच्या चौथऱ्यात किंवा खाली मात्र डबा अजिबात ठेवू नये. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलीस येतात. शिवाय स्मारकाला हात लागता कामा नये. त्यापेक्षा शिलालेखाचं कोडं करा. 17 सप्टेंबर 1948 ही तारीख कोरलेली असेल तर त्यातले आकडे रेखांशाच्या रिकाम्या जागी भरायला सांगा आणि नगरपालिकेची परवानगी घेऊन डबा दूरच्या बाकाखाली ठेवा. आकडे हवे असतील तर हुतात्म्यांची नावं वाचावीच लागतात. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

डबा सापडला की तिथे उभं राहून आपल्या फोनचे आकडेही वहीत लिहावेत. ते जाहीर आकड्यांशी चार-पाच मीटरनं जुळले नाहीत, तरी दोन्ही फोन आपापल्या जागी ठीक असू शकतात.