तराजूपासून सहा भेटींपर्यंत: प्राथमिक आरोग्यसेवेत स्तनपानाच्या मदतीची पार्श्वभूमी

बाळंतीण घरी गेल्यावर तिच्या दुधाची चौकशी कुणी करायची, हा प्रश्न जुना आहे. १८९२ मध्ये पॅरिसच्या शारिते रुग्णालयात डॉ. पिएर बुदँ यांनी त्यावर एक साधा उपाय सुरू केला. घरी गेलेल्या आयांनी दर आठवड्याला बाळाला घेऊन यायचे, वजन करायचे आणि दुधाबद्दल बोलायचे. भर अंगावर पाजण्यावर होता. ते पुरत नसेल तरच निर्जंतुक केलेले गाईचे दूध मिळे. १८९४ मध्ये फेकां गावी लिओं द्युफूर यांनी 'दुधाचा थेंब' या अर्थाच्या नावाचे केंद्र उघडले आणि अशी दूधवाटप केंद्रे पुढे अनेक देशांत निघाली. बाळाच्या दवाखान्यात तराजू आणि बाटली अशा दोन वस्तू सुरुवातीपासूनच शेजारी शेजारी आल्या. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथेच आहे.

तराजूने बाळे वाचवली, पण त्याच्यावर नको तेवढा भरवसाही ठेवला गेला. पाजण्यापूर्वी आणि पाजल्यानंतर वजन करून एका वेळचे दूध मोजायची पद्धत पडली. प्रत्यक्षात बाळ एका वेळी थोडे पिते, तर दुसऱ्या वेळी पुष्कळ. एकाच मोजणीत आकडा कमी आला की वरचे दूध सुरू व्हायचे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडे घटतेच. सात टक्क्यांच्या पुढे घट गेली तर पाजणे नीट तपासायचे, दहा टक्क्यांशी पोचली तर तातडीने पाहायचे. बहुतेक बाळे दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन भरून काढतात.

तराजूपाठोपाठ घड्याळ आले. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये माता-बालक संस्था उभी राहिली. दर चार तासांनी पाजायचे आणि रात्री अजिबात पाजायचे नाही, ही तिची शिस्त इतर देशांतही पोचली. हेतू चांगला होता, पण शरीराचे गणित वेगळे आहे. स्तन जितका रिकामा होतो, तितके दूध भराभर तयार होते. तो भरलेला राहिला की निर्मिती मंदावते. दूध बनवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त स्रवते. नवजात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. घड्याळाप्रमाणे पाजणाऱ्या कितीतरी आयांचे दूध खरोखरच कमी झाले आणि दोष मात्र त्यांच्या अंगावर आला.

मग डब्याचे दूध आले. १९३९ मध्ये सिंगापूरला डॉ. सिसिली विल्यम्स यांनी भर सभेत सांगितले की, चुकीच्या प्रचारामुळे होणारे बालमृत्यू खून मानले पाहिजेत. तरीही पुढची कित्येक वर्षे परिचारिकांसारखा पोशाख केलेले विक्री प्रतिनिधी आयांपर्यंत पोचत राहिले. १९७७ मध्ये अमेरिकेत अशा प्रचारावरून नेस्ले या डब्याचे दूध विकणाऱ्या कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पर्यायी दुधाच्या विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधाचे एकमेव मत अमेरिकेचे होते. तिचे नियम असे: आरोग्य केंद्रात जाहिरात लावायची नाही, आयांना फुकट नमुने द्यायचे नाहीत, कंपनीच्या माणसाने आईला सल्ला द्यायचा नाही. फुकट डब्याचा खरा धोका असा की, तो संपेपर्यंत आईचे स्वतःचे दूध आटलेले असते.

प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या घोषणेत माता-बालसेवा आणि पोषण हे प्राथमिक आरोग्यसेवेचे घटक मानले गेले होते. तरी सुधारणा झाली ती मोठ्या रुग्णालयांत. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या, यशस्वी स्तनपानासाठीच्या दहा पायऱ्या जाहीर झाल्या, १९९० मध्ये स्तनपानाच्या पाठिंब्याचा इनोचेंती जाहीरनामा आला आणि १९९१ मध्ये या पायऱ्या पाळणाऱ्या बालस्नेही रुग्णालयांची मोहीम निघाली. पहिल्या नऊ पायऱ्या धोरण, प्रशिक्षण, गरोदरपणातला सल्ला आणि प्रसूती विभागाबद्दल होत्या. घरी गेल्यावर मदत गटाकडे पाठवा, हे दहाव्या पायरीत सांगितले होते, आणि अंमलबजावणीत तीच सर्वांत लंगडी राहिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण अडचणी येतात त्या घरी. दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भरून येते आणि तोवर बाळंतीण बहुधा घरी गेलेली असते. स्तन दाटतो, बोंडाभोवतीचा काळा भाग कडक होतो. बाळाला तोंडभर घेता येत नाही, ते नुसते बोंड चोखते. चिरा पडतात, आई कळवळते, पाजणे आवरते घेते. दूध आत साठून राहते, बाळ रडते आणि घरातले म्हणतात, 'दूध पुरत नाही.' ही सगळी साखळी दोन दिवसांत पूर्ण होते. तोडायची असेल तर पाजण्याआधी हाताने थोडे दूध काढून काळा भाग मऊ करायचा. अंगठा आणि बोट बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवायचे, आधी छातीकडे दाबायचे, मग एकमेकांकडे. बोटे कातडीवर घासायची नाहीत. त्यानंतर बाळाची पकड पाहायची: तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग वर जास्त आणि खाली कमी दिसणारा. घुटके ऐकू आले पाहिजेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, तर सहसा दूध पुरते आहे.

रुग्णालयाबाहेरच्या मदतीचा भक्कम पुरावा बेलारूसमधून आला. १९९६-९७ मध्ये तिथे ३१ प्रसूतिगृहे आणि त्यांना जोडलेले बाह्य दवाखाने असे मिळून दोन गट पाडले गेले: एका गटातल्या कर्मचाऱ्यांना स्तनपानाच्या मदतीचे प्रशिक्षण दिले, दुसऱ्यात नेहमीचीच सेवा राहिली. १७,०४६ आई-बाळांच्या जोड्या अभ्यासात होत्या. प्रशिक्षित गटात तिसऱ्या महिन्यात फक्त अंगावर पिणारी बाळे ४३.३ टक्के होती, इतरांत ६.४ टक्के. ढाक्यात स्थानिक आयाच प्रशिक्षण घेऊन घरोघरी गेल्या. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाचव्या महिन्यात फक्त अंगावर पिणारी बाळे भेटी मिळालेल्या गटात ७० टक्के आणि इतरांत ६ टक्के होती. त्यांच्या १५ भेटी ठरलेल्या होत्या: दोन प्रसूतीपूर्वी, तीन प्रसूतीनंतर लगेच, मग पंधरवड्याला एक.

१९९९ मध्ये ब्राझीलच्या रिओ द जानेरो राज्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी स्तनपानाच्या स्वतंत्र दहा पायऱ्या आखल्या. २००१ मध्ये निव्वळ स्तनपानाची, म्हणजे बाळाला फक्त आईचे दूध देण्याची, मुदत 'चार ते सहा महिने' ऐवजी सहा महिने ठरली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समुपदेशनाच्या किमान सहा भेटी सांगितल्या: गरोदरपणात, प्रसूतीपासून पहिल्या दोन-तीन दिवसांत, एक ते दोन आठवड्यांनी, पहिल्या तीन-चार महिन्यांत, सहाव्या महिन्यात वरचे अन्न सुरू होताना आणि त्यानंतर. गरज पडली तर जास्त.

भेटी कागदावर बसवणे त्यातल्या त्यात सोपे. भेटीत काय करायचे ते हाताला शिकावे लागते. १९९३ पासूनच्या ४० तासांच्या प्रशिक्षणात त्यासाठी बाहुली आणि विणलेला स्तन वापरतात. आरोग्यसेविका बाळाचे डोके धरून स्तनाकडे ढकलत नाही. डोक्यामागे दाब आला की बाळ मान मागे टाकते. ती बाहुलीच्या मानेखाली आणि खांद्यांना आधार देऊन दाखवते, मग हात बाजूला घेते आणि आईला स्वतःच्या हाताने बाळ लावू देते.