स्कॉट्स शब्दांची रूपं जुळवताना: थोडी पार्श्वभूमी

स्कॉट्स ही इंग्रजीच्या नात्यातली स्कॉटलंडची भाषा. 'चांगला' या अर्थाचा तिच्यातला शब्द जुन्या-नव्या कागदांत जी-यू-आय-डी असा सापडतो, जी-यू-डी-ई असाही आणि जी-आय-डी असाही. ईशान्य स्कॉटलंडातल्या अ‍ॅबर्डीनच्या बाजूला लोक 'ग्वीड' म्हणतात, म्हणून तिथे तो जी-डब्ल्यू-ई-ई-डी होतो. यातलं एकही रूप चुकीचं नाही. ही सगळी एकाच शब्दाची रूपं आहेत हे संगणकाला समजावणं अवघड का जातं, ते कळण्यासाठी आधी या भाषेच्या वाट्याला काय आलं ते पाहावं लागतं.

पंधराव्या-सोळाव्या शतकात स्कॉट्स ही दरबाराची, कायद्याची आणि संसदेची भाषा होती. लेखनिक आपापल्या सवयीने लिहीत, तरी त्यांच्या लेखनाला स्वतःचं वळण होतं. इंग्रजी जिथे डब्ल्यू-एच लिहिते तिथे स्कॉट्स लेखनिक क्यू-यू-एच लिहीत. 'योख' नावाचं एक अक्षर होतं. छापखान्यांकडे त्याचा खिळा नसे, म्हणून त्याजागी झेड बसवला गेला. मेन्झीस हे आडनाव जुन्या वळणाने 'मिंगिस' असं उच्चारतात, ते यामुळेच.

हे वळण पक्कं होण्याआधीच भाषेचा आधार सुटत गेला. 1560च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये इंग्रजी बायबल आलं. 1603मध्ये राजा लंडनला गेला आणि 1707मध्ये संसदही गेली. बोली घरात, शेतात, गाण्यात राहिली. प्रमाणलेखन मात्र घडलंच नाही. अठराव्या शतकातले कवी इंग्रजी वाचकाला सोपं जावं म्हणून शब्दांच्या शेवटी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देऊ लागले, जणू तिथलं अक्षर गळून पडलंय. मला हे चिन्ह नेहमी खुपतं, कारण त्याने पूर्ण शब्दही अपुरा भासतो. 1947मध्ये एडिंबरातल्या लेखकांनी लेखनाचे काही नियम सुचवले आणि हे चिन्ह टाळायला सांगितलं. काहींनी ते पाळले, सगळ्यांनी नाही.

आता यंत्राकडे वळू. नावं उच्चारावरून जुळवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट 1918मध्ये अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना मिळालं. त्यातून घडलेली 'साउंडेक्स' पद्धत पुढे तिथल्या जनगणनेच्या याद्यांसाठी वापरली गेली. तिच्यात शब्दाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे आणि जवळच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. वर दिलेल्या 'चांगला'च्या चारही रूपांना जी-300 हाच संकेत मिळतो. छान वाटतं, पण देव, सोनं आणि रस्ता या अर्थांच्या स्कॉट्स शब्दांनाही तोच संकेत येतो. उलट 'काय' या अर्थाचा शब्द मध्य स्कॉटलंडात 'व्हिट', अ‍ॅबर्डीनकडे 'फिट' आणि जुन्या कागदांत क्यू-यू-एच-ए-टी. तिन्हींचं पहिलं अक्षर वेगळं, त्यामुळे साउंडेक्सच्या लेखी हे तीन शब्द एकमेकांचे कुणीच नाहीत.

दुसरा मार्ग अक्षरांतलं अंतर मोजण्याचा. 1964मध्ये फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी दाखवलं की शब्दांतल्या 80 टक्क्यांहून जास्त चुका एकाच अक्षराच्या असतात. पुढच्याच वर्षी सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी अंतराचं माप मांडलं: किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात? या मापाने जी-यू-आय-डीपासून ग्वीड तीन पावलं लांब पडतो आणि इंग्रजी 'ग्रिड' एकच पाऊल. खरी अडचण इथे आहे. मूळ विचार हात चुकला असं धरून चालतो, आणि स्कॉट्समध्ये हात चुकलेलाच नसतो. गाव किंवा शतक बदललेलं असतं.

म्हणून प्रत्येक बदलाला सारखं वजन देऊन चालत नाही. क्यू-यू-एच, डब्ल्यू-एच आणि एफ यांची अदलाबदल स्वस्त धरायची, यूच्या जागी आर आला तर महाग. हे दर ठरवायला आधार शब्दकोशांचा. आधुनिक स्कॉट्सचा दहा खंडांचा कोश 1931 ते 1976 या काळात निघाला. जुन्या स्कॉट्सचा बारा खंडांचा कोश 1931मध्ये सुरू होऊन 2002मध्ये पुरा झाला. नोंदींमध्ये शब्दाची सापडलेली रूपं दिलेली आहेत. 2004पासून दोन्ही कोश इंटरनेटवर एकत्र शोधता येतात. यंत्राला याहून चांगला गुरू मला तरी दिसत नाही.

लँकेस्टर विद्यापीठात जुन्या इंग्रजी मजकुरासाठी बनवलेलं 'व्हार्ड' हे सॉफ्टवेअर आधुनिक रूप सुचवतं, पण मूळ रूपही खुणेत जपून ठेवतं. स्कॉट्ससाठी ही काळजी आणखी मोलाची, कारण रूप पुसलं तर लिहिणारा कुठला हेही पुसलं जातं.

एवढं करूनही 'फिट' अडतोच. अ‍ॅबर्डीनला त्याचा अर्थ 'काय', आणि स्कॉट्समध्ये 'पाऊल' या शब्दाचं रूपही तेच. तिथे भेटल्यावर लोक 'फिट लाइक?' विचारतात, म्हणजे 'कसं काय?'. इथला 'फिट' पाऊल नव्हे, हे यंत्राला शेजारचा 'लाइक' पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही.