लीनचा कोड आला की सेन्सर बदला: ही सवय आली कुठून

जुन्या गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर लावला, पी०१७१ म्हणजे 'सिस्टीम टू लीन' (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) आलं, की बरेच जण सगळ्यात आधी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरच बदलतात. खरं तर त्या कोडमध्ये सेन्सर खराब आहे असं कुठेच म्हटलेलं नसतं, उलट सेन्सरचं ऐकूनच गाडीच्या कॉम्प्युटरने तो कोड टाकलेला असतो.

कार्बोरेटरच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिक्स्चरचा स्क्रू, प्लगचा रंग, आयडलिंगचा आवाज, आणि नंतर सायलेन्सरमध्ये नळी घालून सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, मोजणारं मशीन. मिश्रण थोडं इकडेतिकडे असलं तरी गाडी चालायची आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

अडायला लागलं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यामुळे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांना तो बसला, पण तो फक्त सीओ आणि हायड्रोकार्बन जाळायचा. नायट्रोजन ऑक्साइडही त्याच डब्यात संपवायचे तर हवा आणि पेट्रोल १४.७ ला १ च्या अगदी जवळ धरून ठेवावं लागतं, आणि ते काम स्क्रूचं नाही. म्हणून १९७७ च्या मॉडेलमध्ये, कॅलिफोर्नियासाठी बनवलेल्या एका स्वीडिश गाडीत एक्झॉस्टमध्ये झिरकोनियाचा सेन्सर आला. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१, आणि मधे ०.४५ च्या आसपास एकदम उडी. किती रिच किंवा किती लीन हे तो सांगतच नाही, फक्त बाजू सांगतो. कन्व्हर्टरला तेवढं पुरत होतं, पुढे गॅरेजवाल्याला यावरून दोष शोधावा लागेल हा विचार त्यात नव्हता.

आता ज्या निर्णयावरून अजून वाद होतात तो. त्या पहिल्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर सेन्सरच्या नावाचा एक दिवा होता आणि तो सेन्सर बिघडला म्हणून लागत नव्हता, किलोमीटर, म्हणजे त्यांचे मैल, झाले म्हणून लागायचा. स्पीडोमीटरच्या केबलला मधेच एक छोटी डबी जोडलेली, आधी १५,००० आणि पुढे ३०,००० मैल झाले की आतला संपर्क जुळायचा आणि दिवा पेटायचा. सेन्सर बदलायचा, डबीवरचं बटण दाबायचं, दिवा गेला. बटण नुसतं दाबलं तरी जायचाच म्हणा! पुढे इतरही कंपन्यांनी आपापल्या गाड्यांमध्ये असेच मैल मोजणारे दिवे टाकले.

याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की दुसरा इलाज काय होता? सेन्सर एका वायरचा, आत हीटर नाही, तीनशे-साडेतीनशे डिग्री तापल्याशिवाय बोलत नाही, आयडलवर थंड पडतो, चुकून शिशाचं पेट्रोल पडलं तर मरतो, आणि कॉम्प्युटरला स्वतःची तपासणी करता येत नव्हती. हे सगळं बरोबरच आहे. पण माझ्या मते नुकसान मोठं झालं, कारण गॅरेजवाल्यांची एक अख्खी पिढी दिवा म्हणजे सेन्सर हे समीकरण पाठ करून बसली, आणि नंतर दिव्याचा अर्थ पार बदलला तरी हात आपोआप त्याच नटाकडे जात राहिला.

गंमत म्हणजे तेव्हाच बरोबर पद्धतही हातात होती. १९८०-८१ च्या सुमारास फीडबॅक कार्बोरेटर आले, म्हणजे सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर ज्यांचं मिश्रण बदलतो असे, त्यातल्या सोलेनॉइडला (मिश्रण बदलणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला) काही गाड्यांमध्ये ड्वेल मीटर, म्हणजे तो किती वेळ चालू राहतो ते दाखवणारं मीटर, लावायचे, सहा सिलेंडरच्या स्केलवर काटा तिशीच्या आसपास हलत राहिला की ठीक. म्हणजे सेन्सर काय म्हणतोय यापेक्षा कॉम्प्युटर काय भरपाई करतोय ते बघायचं. आज फ्युएल ट्रिम म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय (अधिक) किंवा कमी करतोय (उणे) तो आकडा, ती याच विचाराची पुढची पायरी.

ट्रिम सगळ्यांना दिसायला लागले ते ओबीडी-२, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच स्कॅनर चालणारी तपासणीची पद्धत, आल्यावर, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्याआधीच्या गाड्यांमध्ये दिव्याची उघडझाप मोजून कोड काढायचे आणि बाकी सगळं मल्टिमीटरवर, तोसुद्धा १० मेगाओमचा डिजिटल लागतो, साधा काट्याचा लावला तर सेन्सरचं व्होल्टेजच खाली बसतं.

ट्रिम वाचता आला की बहुतेक घोळ सुटतो. आयडलवर अधिक २० आणि २,५०० आरपीएमला अधिक ३ असेल तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरतेय, फाटका व्हॅक्युम पाइप नाहीतर गॅस्केट. उलट आयडलला ठीक आणि लोड वाढवला की ट्रिम वाढत जातो, तर फिल्टर, पंप किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर. मिसफायर असेल तर अजून मजा, न जळलेलं पेट्रोल बाहेर जातंय, सायलेन्सरला वास मारतोय आणि कोड मात्र लीनचा, कारण सेन्सरला फक्त ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही, आणि न वापरलेली हवाही तिकडूनच जातेय. सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डला चीर असली तरी तसंच.

सेन्सर खरंच खराब होतातच, चुकीचा सिलिकॉन सीलंट वापरला की टोकावर पांढरा थर बसतो, नाहीतर वयाने सुस्त होतात. पण त्यासाठी वेगळे कोड आहेत, पी०१३० च्या पुढचे, आणि पी०१३५ तर नुसत्या हीटरचा.

नव्वदच्या दशकात वाइडबँड नावाचे नव्या प्रकारचे ऑक्सिजन सेन्सर आले आणि नवा गोंधळ सुरू झाला, कारण हे किती लीन तेही सांगतात पण त्यांचं गणितच वेगळं. एका जपानी कंपनीच्या तेव्हाच्या गाड्यांमध्ये बरोबर मिश्रणाला ३.३ व्होल्ट आणि लीन झालं की आकडा वर जातो, म्हणजे जुन्याच्या बरोबर उलटं. त्यातच साध्या स्कॅनरवर तोच आकडा पाचाने भागून ०.६६ असा स्थिर दिसतो. जुन्या सवयीच्या माणसाला तो रिचला अडकलेला सेन्सर वाटतो आणि चांगला चालणारा महागडा भाग निघून कचऱ्यात जातो.