इंग्रजी वाक्यसंकलनातील कालदर्शक शब्द

दोन सुट्या वाक्यांतील क्रियांचा कालसंबंध दाखवून त्यांचे एक मिश्र वाक्य करणारी इंग्रजी उभयान्वयी अव्यये. व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, सिन्स, अंटिल, ॲज सून ॲज ही त्यांतली नेहमीची. शब्द निवडण्याआधी कोणती क्रिया आधी घडली आणि कोणती बराच वेळ चालू होती, हे पाहावे.

चालू असलेल्या क्रियेला व्हाइल जोडतात : ‘व्हाइल आय वॉज कुकिंग, द लाइट्स वेंट आउट.’ जोड क्षणात घडलेल्या क्रियेला द्यायची तर व्हेन : ‘आय वॉज कुकिंग व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ गौणवाक्य आधी आले की त्यानंतर स्वल्पविराम. नंतर आले तर बहुधा नाही.

मराठीत ‘जेव्हा’मागोमाग ‘तेव्हा’ येते, म्हणून व्हेनच्या जोडीला देन लावण्याची चूक सर्रास होते. भविष्यकाळाचे विल फक्त मुख्यवाक्यात येते : ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल यू.’

मराठी भाषकाला सर्वांत जास्त फसवते ते ‘पर्यंत’. ‘तो येत नाही तोपर्यंत थांब’ यातला नकार इंग्रजीत नेऊ नये. ‘वेट अंटिल ही कम्स’ एवढेच म्हणावे. अंटिलला क्रिया त्या क्षणापर्यंत चालू राहणारी लागते. ‘पाच वाजेपर्यंत अर्ज द्या’ यात मात्र मुदत आहे, तिथे बाय हवे; अंटिल घातले तर पाचपर्यंत अर्ज देतच राहा, असा अर्थ होईल. मुदतीच्या जागी आख्खे वाक्य असेल तर बाय द टाइम, आणि तोवर उरकलेल्या क्रियेला पूर्ण भूतकाळ : ‘बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’

शालेय परीक्षांत ‘ॲज सून ॲज’चे ‘नो सूनर’ करायला सांगतात. ‘ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट’ हे वाक्य घ्या. आरंभी नो सूनर ठेवावे, लगेच डिड आणावे, रँगचे मूळ रूप रिंग करावे आणि स्वल्पविरामाच्या जागी दॅन घालावे : ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’ डिडनंतरही रँग तसेच ठेवल्याने हमखास गुण जातात. सूनर हे तुलनेचे रूप, म्हणून त्याला दॅन लागते. नो सूनरच्याच अर्थाने येणारी हार्डली आणि स्केअर्सली ही तुलनेची रूपे नव्हेत. त्यांच्यापुढे व्हेन येते.