सरकीच्या चाचणीआधीचे मोजमाप

खरीप तोंडावर आला की जालन्यापासून परभणीपर्यंत कापसाच्या बियाण्याचीच चौकशी सुरू असते. २००२ साली बीटी कापसाला देशात मंजुरी मिळाली तेव्हापासून, पाकिटातल्या सरकीत सांगितलेले जनुक आहे का आणि मंजुरी नसलेल्या वाणाची भेसळ तर नाही ना, हे प्रश्न डीएनए चाचणीने सोडवता येतात. चर्चा होते ती पीसीआर यंत्राची, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणाऱ्या यंत्राची. पण यंत्रात घातलेला डीएनए नेमका किती होता, यावर निकालाचा भरवसा कितीतरी अधिक अवलंबून असतो.

रूढ पद्धत प्रकाशाची आहे. डीएनए आणि आरएनए (जनुकातला संदेश वाहून नेणारा, डीएनएसारखाच रेणू) दोन्ही २६० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतात. एक सेंटीमीटर जाडीच्या द्रावणाचे शोषण १ आले, तर दर मिलिलिटरला दुपदरी डीएनए सुमारे ५० मायक्रोग्रॅम किंवा आरएनए सुमारे ४० मायक्रोग्रॅम असतो. अडचण अशी की, शोषण डीएनएचे, आरएनएचे की तुटक्या तुकड्यांचे, हे यंत्राला कळत नाही. म्हणून २८० आणि २३० नॅनोमीटरचे आकडेही पाहतात. २६० आणि २८० यांचे गुणोत्तर शुद्ध डीएनएसाठी १.८ आणि आरएनएसाठी २.० च्या आसपास असते. प्रथिने मिसळली की ते घसरते. मात्र डीएनएमध्ये आरएनए राहून गेला असेल, तर हे गुणोत्तर फारसे बिघडत नाही आणि आकडा फुगलेलाच राहतो.

कपाशीचे पान या बाबतीत फार त्रासदायक. ते वाटले की त्यातली पॉलिफिनॉल द्रव्ये हवेशी संयोग पावून द्रावण तपकिरी करतात, आणि पॉलिसॅकराइडमुळे ते इतके चिकट होते की पिपेटमध्ये एक मायक्रोलिटर म्हणून घेतलेला थेंब प्रत्यक्षात कमी भरू शकतो. सूक्ष्म थेंबावर मोजणाऱ्या यंत्रात तोच थेंब वारंवार मोजला, तर मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो आटत जातो आणि आकडा चढत जातो. प्रत्येक वेळी नवा थेंब घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे दुपदरी डीएनएला चिकटल्यावरच चमकणारा रंग वापरून, ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करणे. ही पद्धत थोडी महाग आहे, पण फरक पाहा. अमेरिकन कपाशीच्या एका जनुकसंचाचे वजन सुमारे अडीच पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग) असते, म्हणजे १०० नॅनोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ४०,००० प्रती येतात आणि ०.१ टक्का भेसळ असल्यास तिच्या ४० प्रती सापडू शकतात. प्रकाशाच्या आकड्यावर विसंबून १०० समजून प्रत्यक्षात २ नॅनोग्रॅमच घातले गेले, तर सरासरीने एकही प्रत हाती लागत नाही आणि अहवालात ‘भेसळ आढळली नाही’ असे छापले जाते.

आरएनएच्या चाचण्यांत तर प्रमाण बरोबर असूनही रेणू तुटलेला असू शकतो, कारण तुकडेही २६० नॅनोमीटरला तितकाच प्रकाश शोषतात. अखंडता वेगळी तपासावी लागते. चाचणी-अहवालात निकालाशेजारी डीएनए कोणत्या पद्धतीने मोजला आणि किती घातला, एवढे दोन रकाने तरी असायलाच हवेत.